लांब दोरीवरचा घोडा

सारंगखेडा
१२ जुलै २०२४

चि. रुपास धनुबाईचा आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. घातलं असतं तरी त्यात नुसत्या शिट्या वाजतात. तुझे आजोबा असते तर म्हणाले असते, ह्या वयात म्हातारीला कोण शिट्या मारतंय. म्हणून सांगते, मला काही कळवायचं असेल तर कागदावर कळव. मोतीबिंदू काढलाय, चौथी पास आहे, हळूहळू का होईना वाचते.

तुझ्या आईने फोन ठेवला आणि ओट्यावर उभी राहून गल्लीला सांगितलं, आमच्या रुपाले ग्रह सापडी गया. झालं. शेजारची ममता धावत आली, कोणता म्हणे, शनी का मंगळ? संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं की शोभाबाईच्या पोरीला बंगलोरला ग्रह लागला. एकीने काळे उडीद आणून दिले. तुझा दिनेशकाका म्हणाला, तरीच पोरीचं लग्न लांबतंय. मी म्हटलं, तुझं डोकं चालत नाही ते कोणत्या ग्रहामुळे, ते आधी बघ. मारुतीला तेल मात्र घालून आले. तेल फुकट जात नाही, देवाच्या अंगाला लागतं.

शोभा सांगते की तो ग्रह आपल्या सूर्याचा नाही. दुसऱ्याच कुठल्या ताऱ्याभोवती फिरतो, फार मोठा आहे, फार थंड आहे, आणि तू तो पाहिलेला नाहीस. आता मला सांग, पाहिला नाहीस तर सापडला कसा? दाव्याची म्हैस सुटली तर डोळ्याने बघितल्याशिवाय सापडली असं कोणी म्हणतं का? बारा वर्षं शाळा आणि आठ वर्षं कॉलेज करून तू हे शिकलीस?

आणि एक सांग. थंड म्हणजे किती थंड? माणूस तिथे किती वेळ टिकेल? अंगावर घोंगडी असेल तर?

घरचं बरं आहे. आखाजीला, कॅलेंडरवाले अक्षय तृतीया म्हणतात तिला, साऱ्या खानदेशातल्या लेकी माहेरी जातात. तुझ्या आईचा भाऊ तळोद्याहून तिला न्यायला आला होता. यंदाही गेली नाही. ‘रुपाना बाबा आखाजीले येतो सांगीसन गयात, ते येतीन आनी मी घरमा नसू का?’ हेच तिचं. ही चौदावी आखाजी. भाऊ सांजोऱ्या खाऊन परत गेला. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली तेव्हा तेवढी दोन दिवस जाऊन आली होती.

भात कमी खा.

धनुबाई

—

बंगलोर
२८ जुलै २०२४

ती. आजीस रुपाचा साष्टांग नमस्कार.

तेल घातलंस ते बरं केलंस. पाहिला नाही तर सापडला कसा, हे आमच्या सरांनीही विचारलं होतं, फक्त तुझ्याइतकं रागावून नाही.

तुला यात्रेतली गोष्ट सांगते म्हणजे कळेल. दत्तजयंतीच्या दिवसांत तापीवरून धुकं यायचं आणि सकाळी आपलं सगळं अंगण पांढरं व्हायचं. मारवाडचा भंवरसिंग घोडेबाजाराला आला की त्याची जनावरं आपल्याकडेच बांधायचा. त्याची ती काळी घोडी बाबा लांब दोरीवर गोल फिरवायचे. मी ओट्यावर गोधडीत बसून बघायचे. घोडी धुक्यात दिसायचीच नाही. बाबांचा पांढरा सदरा तेवढा दिसायचा. पण सदरा एका जागी स्थिर नसायचा. दोरी ओढली जाईल तसा जरा इकडे कलायचा, जरा तिकडे. त्या कलण्यावरून मी सांगायचे, आता घोडी निंबाजवळ आहे, आता हौदाजवळ. बाबा हसायचे. ‘बराबर शे,’ म्हणायचे.

माझा तारा म्हणजे तो सदरा. तारा दिसतो, ग्रह दिसत नाही. पण तारा जरासा कलतो. कोणीतरी त्याला ओढतंय. किती ओढतंय आणि किती वर्षांत एक फेरा होतोय, त्यावरून पलीकडे केवढा घोडा आहे ते काढता येतं. फार मोठा आहे, आजी. आपली पृथ्वी त्याच्यात हजारदा मावेल.

आमच्या संस्थेतली माणसं त्या ताऱ्याकडे दोन हजार दहापासून बघत आली आहेत. तेव्हा तो जिकडे कलला होता, तिकडेच आता पुन्हा कलायला लागलाय. म्हणजे एक फेरा चौदा वर्षांचा. माझं काम एवढंच, जुने आकडे गोळा करून हे दाखवायचं.

थंडी विचारलीस. बर्फाच्याही दीडशे अंश खाली. घोंगडीचा उपयोग नाही. उभं राहायला जमीनसुद्धा नाही, सगळा वायू. पण तू हे का विचारलंस?

मोजायची खोड मला तुझ्यामुळेच लागली. आखाजीच्या सकाळी तू उंबरठ्यावर पितरांच्या नावाने कुंकवाची बोटं उमटवतेस, एका पितराचं एक. मी दर वर्षी मोजायचे. सात असायची. नववीची परीक्षा दिली त्या वर्षी आठ झाली. मी विचारलं तर म्हणालीस, आजोबांच्या आत्याचं राहून जात होतं. तेव्हापासून आठच असतात ना?

तुझी
रुपा

—

सारंगखेडा
२० ऑगस्ट २०२४

चि. रुपास आशीर्वाद.

आत्याचंच बोट. तिचं नाव तुळसा. दुसऱ्यांच्या उंबरठ्यावरची बोटं मोजायला तुला संस्थेत पगार मिळतो का?

सदऱ्याचं कळलं. तुझ्या सरांना सांग, चौथी पास बाईला कळलं.

पण तू ते चौदाचं का लिहिलंस? तुझा बाप भंवरसिंगच्या ट्रकमध्ये बसून गेला त्याला ह्या दत्तजयंतीला चौदा भरतात. ती काळी घोडी दुसऱ्या कोणाच्या हाताने ट्रकमध्ये चढेना, म्हणून सोबत गेला. पोचवून येतो म्हणाला. ‘आखाजीले येसु मी, माय.’ बिकानेरहून एक फोन केला की पोचलो, आणि त्यापुढे काही नाही. दिनेश दोनदा जाऊन धुंडाळून आला. हे तुला ठाऊक असून तू चौदा लिहिलंस, का लिहिता लिहिता हात गेला?

ह्या घरात कोण कशाला धरून बसेल सांगता येत नाही. म्हणून नीट विचारते. चौदा म्हणजे चौदाच का? एखाद्या वर्षाने मागेपुढे होतं का? फिरून येतो म्हणजे जवळ येतो, का लांबूनच जातो? हे तुम्ही लोक किती पक्कं धरता? जे असेल ते लिही. मोठ्या अक्षरात लिही.

पाऊस बरा आहे. कपाशीला बोंडं धरतायत. दिनेशने ट्रॅक्टर गाळात घातला आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत बसला.

धनुबाई

—

बंगलोर
६ ऑक्टोबर २०२४

ती. आजीस नमस्कार.

‘मोठ्या अक्षरात लिही’ हे वाचून मी कितीतरी वेळ पत्र हातात धरून बसले. एवढ्या वर्षांत तू बाबांचं नाव काढलं नाहीस. दिनेशकाका म्हणाले की आता लोटनच्या नावाने आखाजीला घागर भरू, तर तू हातातलं लाटणं फेकलंस. ‘कोनी देखं त्याले मरताना?’ असं ओरडलीस. मी दाराआड उभी होते. मला तेव्हा वाटलं, आजी आहे तोवर बाबा आहेत.

म्हणून लिहिते. चौदाच. फिरून येतो. हे ताऱ्यांचं गणित आहे, माणसांचं नाही, एवढं मला कळतं. पण तुला त्याने धीर येत असेल तर येऊ दे. त्यात कोणाचं काही जात नाही.

दिवाळीला येणं होणार नाही. नवीन यंत्र बसवलंय, त्याचे आकडे जुन्या यंत्राच्या आकड्यांशी जुळवत बसले आहे.

तुझी
रुपा

—

सारंगखेडा
५ डिसेंबर २०२४

रुपा,

मूर्ख आहेस. चौदाला धरून बसलेली मी नाही गं. तुझी आई.

मला धीर द्यायला निघालीस. मी तुझ्याकडे धीर मागितला होता का? मी मागितलं होतं की हे पक्कं नाही असं मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे तिच्यापुढे ठेवता येईल. तू चौदाच म्हणून लिहिलंस. तिने ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं. रोज दिवा लावते तेव्हा एकदा उघडते. पोरगी एवढी शिकलेली, खोटं लिहील का, म्हणते.

दिवाळी झाल्यापासून बाई वेगळीच झाली आहे. अंगण सारवलं. हौद घासला, ज्यात दहा वर्षं पाणी नाही. लोटनचा पांढरा सदरा ट्रंकेतून काढून धुतला आणि ममताकडून इस्त्री करून आणला. उंदराने कॉलर खाल्ली होती, तिथे ठिगळ लावलं. सदरा दाराच्या खुंटीला टांगलाय. मी येता-जाता त्याच्याकडे बघत नाही.

यात्रेचे घोडे यायला लागलेत. ती रोज दुपारी भाकरी झाकून घोड्यांच्या रांगांमधून हिंडते. तुझ्या बापाचा लग्नातला फोटो घेऊन एकेका मारवाड्याला दाखवते. लोक मला ओट्यावर येऊन सांगतात, म्हातारे, सून आवर.

आता तू एक काम कर. फोनवर सांगू नकोस, फोनवर ती हो हो म्हणते आणि ठेवते. कागदावरचं खरं मानते. चौदाचं चुकलं असं लिही. चुकलं नसेल तरी लिही. उद्याच्या उद्या टाक. दत्तजयंती चौदा तारखेला आहे.

तिने भंवरसिंगच्या माणसांपर्यंत पोचायला नको.

धनुबाई

—

बंगलोर
११ डिसेंबर २०२४
(स्पीड पोस्ट)

आजी,

तुझं पत्र आज हातात पडलं. लगेच लिहिते. हे आईला वाचायला दे.

चौदाचं चुकलं. तू सांगितलंस म्हणून लिहीत नाही, खरंच चुकलं. जुनं यंत्र आणि नवं यंत्र म्हणजे दोन तराजू. दोन्हींत चिमूटभराचा फरक होता. तो फरक काढून टाकला तर तारा मागे वळलेलाच नाही. इतकी वर्षं झाली, तो अजून एकाच बाजूला कलत चाललाय. म्हणजे फेरा पुरा झालेला नाही. अर्धासुद्धा नाही. किती वर्षांचा असेल ते आज कोणीच सांगू शकत नाही. चाळीस असेल, पंचेचाळीस असेल.

हे मला सप्टेंबरात कळलं होतं. चौदाच म्हणून तुला लिहिलं तेव्हा ठाऊक होतं. मला वाटलं, आजी एवढ्या वर्षांनी कशाला तरी धरून उभी आहे, ते मी काढून घेणार नाही.

आई, माझं चुकलं. तो सदरा खुंटीवरून काढ.

आजी, शेवटची ओळ मला कळली नाही. भंवरसिंगच्या माणसांपर्यंत का पोचायला नको?

रुपा

—

सारंगखेडा
३० डिसेंबर २०२४

चि. रुपास,

तुझं पत्र सोळा तारखेला आलं. दोन दिवस उशिरा आलं. वेळेवर येऊन फार काही झालं असतं असं नाही, तरी तू विचारत बसशील म्हणून सांगितलं.

आता जे लिहिते ते एकदाच लिहीन. नीट बसून वाच.

तुझ्या बापाआधी माझी तीन पोरं पाळण्यात गेली. हा झाला तेव्हा माझ्या सासूने त्याला उकिरड्यावर लोटला. लोटन नाव ठेवलं, उजव्या कानात बाळी घातली. मरणाला वाटावं, ही टाकून दिलेली वस्तू आहे, उचलायला नको. मरणाला पस्तीस वर्षं तसं वाटलं.

तो गेल्यावर दोन यात्रा भंवरसिंग आला नाही. तिसऱ्या यात्रेला, दोन हजार तेरा साली, आला. शोभा दळण घेऊन गेली होती, तू शाळेत होतीस. त्याने घोडे आणले नव्हते. ओट्यावर बसला, पाणी पण घेतलं नाही. म्हणाला, माताजी, त्या वर्षी जानेवारीत आमच्याकडे फार थंडी पडली. लोटन घोडीजवळ उघड्यावर झोपायचा, त्याच्याशिवाय ती चारा खाईना. छातीत थंडी भरली. चौथ्या दिवशी गेला. आम्हीच अग्नी दिला. तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. मग त्याने फडक्याची गाठ सोडली आणि बाळी माझ्या हातावर ठेवली. मी विचारलं, अंगावर काय होतं? तो म्हणाला, घोंगडी होती.

तू विचारलंस ना मी थंडीचं का विचारते.

बाळी मी शेवयांच्या डब्यात तळाशी ठेवली आणि वर शेवया घातल्या. अकरा वर्षं शेवयांचा तो डबा मीच उघडत आले.

का सांगितलं नाही? शोभा तेव्हा चौतीस वर्षांची होती. माझी सासू विधवा झाली तेव्हा तिला कुठे बसवलं, कशाला हात लावू दिला नाही, हळदीकुंकवाला कशी मागल्या खोलीत ढकलली, हे मी चौदाव्या वर्षी या घरात येऊन बघितलं. शोभाला कोणी तसं बसवायला नको असं मला वाटलं. मी गप्प राहिले तर तिचं कुंकू राहतं, बांगड्या राहतात. आणि तू दर आखाजीला मोजत उभी. मी घागर भरू दिली नाही ती एवढ्यासाठी. तरी आईचा जीव, उंबरठ्यावर एक बोट उमटवलं. तुळसा नावाची आत्या कोणी नव्हती.

मी कुंकू राखलं असं मला वाटत होतं. त्याच्यापायी तिचं माहेर गेलं, ते मला दिसत होतं आणि मी दिसू दिलं नाही. दर आखाजीला भाऊ यायचा, दर आखाजीला ती दारात उभी राहायची, आणि मी चुलीपाशी बसून पुरण वाटायची. तिची आई लेकीला एकदा आखाजीला बघावं म्हणत म्हणत गेली.

दत्तजयंतीच्याच दिवशी तिला भंवरसिंगचा पुतण्या भेटला. भंवरसिंग आता नाही. पोराने फोटो बघितला आणि सरळ सांगून टाकलं. ‘इनकी बाली तो चाचा माताजी को दे गये थे.’ त्या पोराला काय माहीत.

ती घरी आली. मी भाजी निवडत होते. माझ्यासमोर बसली आणि माझ्या कानाला यंत्र आहे का ते आधी बघितलं. नव्हतं. तिने ते कोनाड्यातून आणून माझ्या कानात घातलं. मग विचारलं, ‘तुम्हले माहीत व्हतं?’

मी हो म्हटलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ‘मन्ह्या चौदा आखाज्या तुम्हीन खाद्यात, आत्या.’ तीन मी खाल्ल्या नव्हत्या, त्या तीन वर्षांत मलाही ठाऊक नव्हतं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. शेवयांचा डबा मीच काढून दिला. तिने सगळ्या शेवया परातीत ओतल्या, बाळी घेतली, पदराला बांधली. शेवया परत डब्यात भरल्या, झाकण लावलं. आणि तळोद्याच्या एस.टी.त बसून गेली. सदरा खुंटीलाच आहे.

मी माफी मागत नाही. मागून काय करणार? तुला कळावं म्हणून लिहिलं.

धनुबाई

—

सारंगखेडा
१० फेब्रुवारी २०२५

चि. रुपास,

तुझं उत्तर नाही. बरं.

तुझ्या आईची खबर दिनेशने काढली. भावाच्या घरी आहे, जेवते-खाते. हरभरा सोंगायला जाते म्हणे. माझं नाव घेत नाही.

माझं जेवण ममता देऊन जाते. भाजीत मीठ नसतं.

धनुबाई

—

सारंगखेडा
१९ मार्च २०२५

रुपा,

दिनेश आणि भाऊबंद विचारतायत, ह्या आखाजीला लोटनचं काय करायचं. मी म्हटलं, घागर भरायची. आता लाटणं फेकायला हातात जोर नाही.

तू रागावून राहा. पण तुझ्या त्या ग्रहाचं पुढे काय झालं ते तेवढं कळव. अर्ध्यात सोडलंस.

धनुबाई

—

बंगलोर
१२ एप्रिल २०२५

आजी,

तीन महिन्यांत तुला सात पत्रं लिहिली आणि फाडली. एकात तुला फार वाईट बोलले होते. ते टाकलं नाही याचं अजून ठरवता येत नाही, बरं केलं की वाईट.

मी आठवं बोट बघितलं होतं. मोजलं होतं. तुला विचारलंसुद्धा. आणि तू सांगितलेलं नाव लिहून घेतल्यासारखं मानून टाकलं. दिसत नाही त्याचा अंदाज काढायचा हाच माझा धंदा आहे, आणि माझ्या घरच्या उंबरठ्यावर काय उमटलंय ते मला कळलं नाही. राग तुझ्यावर आहे, पण सगळा तुझ्यावर नाही. मी तरी काय केलं? मलाही सप्टेंबरात कळलं होतं आणि मीही गप्प बसले, तुझ्याच भल्यासाठी म्हणून. तुझीच नात.

आईशी रोज बोलते. ती बाबांबद्दल बोलते, पहिल्यांदाच. त्यांना कळण्याची भाकरी आवडायची नाही, हे मला माहीत नव्हतं. तुझ्याबद्दल विचारलं की म्हणते, पुढचं बोल.

ग्रहाचं विचारलंस. आमचा लेख परत लिहिला. चौदा खोडून त्रेचाळीस केलं आहे, तेही मागेपुढे होईल. तो आम्हाला वाटला होता त्याच्या दुपटीहून लांब आहे, आणि म्हणून आणखी थंड.

आणि अजून एक निघालं. दोरी इतकी लांब असून सदरा जर तेवढाच ओढला जात असेल, तर टोकाचा घोडा आम्ही धरला त्याहून मोठाच असला पाहिजे. जितका लांब निघाला, तितका जड निघाला. हे गणिताने सरळ येतं, दोन ओळींत. मी ते वहीत मांडलं आणि वही मिटून बाहेर जाऊन बसले.

आखाजीला येऊ शकत नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही, जा किंवा जाऊ नको. तू घागर भर. बाबांचं नाव मोठ्याने घे.

रुपा

—

सारंगखेडा
२ मे २०२५

चि. रुपास आशीर्वाद.

तुझी आई आली आहे. उद्या तळोद्याला परत जाणार आहे. हे आधीच सांगते, म्हणजे वाचता वाचता उगाच भलतं काही धरून बसणार नाहीस.

आखाजीची घागर मी बाजारातून स्वतः निवडून आणली. लहान, नवी, टिचकी मारून बघितलेली. ज्याला जाऊन वर्षं झाली त्याची घागर भरतात, आणि लोटनला जाऊन चौदा वर्षं झाली. माझा हिशेब सरळ होता. सकाळी उंबरठा धुतला. सात बोटं उमटवली. आठव्याला लोटन म्हटलं. तू सांगितलं होतंस म्हणून मोठ्याने म्हटलं. मला ऐकू आलं नाही, पण ममता भिंतीपलीकडे रडायला लागली, म्हणजे आवाज बरा निघाला असावा.

ओट्यावर बसले होते. समोरच्या रस्त्याने साऱ्या एस.ट्या लेकींनी भरून चाललेल्या. माहेरी जाणाऱ्या पोरी, डोक्यात गजरे, मांडीवर पोरं, खिडक्यांतून आरडाओरडा. त्यात तळोद्याकडून एक गाडी आली आणि तिच्यातून तुझी आई उतरली. साऱ्या जगाच्या लेकी माहेरी निघाल्या होत्या आणि ही माहेराहून सासरी आली. भाऊ मागून पिशवी घेऊन. आणि हिच्या कमरेवर डेरगं.

तुला आठवत नसेल, आपल्या घरात पुष्कळ वर्षांत लागलं नाही. डेरगं घागरीच्या दीडपट असतं. ज्या घरचं माणूस त्याच वर्षात गेलेलं असतं, त्या घरी आखाजीला घागर नाही, डेरगं भरतात.

कपाळाला कुंकू तसंच होतं. गल्लीतल्या बायकांनी बघितलं. कोणी तोंड उघडलं नाही, माझ्याकडे बघून उघडलं नसेल. ते ठेवायचं का पुसायचं ते आता तिचं ती बघेल. मी त्यात एकदा हात घालून बसले आहे.

ती आत आली. पाटावर माझी घागर मांडलेली होती. तिने ती बघितली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली,

‘घागर कसाले आनी? त्याले मरीसन चार महिना व्हयनात.’

‘चौदा वर्षं’ ही अक्षरं माझ्या ओठावर आली होती. गिळली. तिच्या घरात तो डिसेंबरात मेला. त्याआधी तो तिच्यासाठी जिवंत होता, मी ठेवला होता.

घागर मी पाटावरून उचलून बाजूला ठेवली. तिने डेरगं मांडलं. माझ्या घागरीतलं पाणी आधी त्यात ओतलं. त्याने तळ झाकला. मग आम्ही हौदावरून आणत राहिलो. हौदात पाणी होतं, तिनेच डिसेंबरात भरून ठेवलं होतं. तिने पदराची गाठ सोडून बाळी काढली आणि पाण्यात सोडली. खुंटीवरचा सदरा काढला, घडी केली, डेरग्याच्या खाली चुंबळीसारखा ठेवायचं ठरवलं. म्हणजे भरलेलं डेरगं उचलणं आलं. दिनेश पुढे झाला. तिने हातानेच नको म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं.

एका बाजूने तिने धरलं, एका बाजूने मी. आम्ही दोघींनी उचललं.

रुपा, तू ते दोन ओळींचं गणित लिहिलं होतंस. फार जड होतं गं.

धनुबाई